देवयानीतला नवा तारा आणि विश्वाचे माप

१/
ऑगस्ट १८८५. रशियन साम्राज्यातील डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू हे विद्यापीठाचे गाव. २० तारखेच्या रात्री तेथील वेधशाळेत अर्न्स्ट हार्टविग हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ पाहुण्यांना दुर्बिणीतून देवयानीचा तेजोमेघ दाखवत होते. तो धूसर, लांबट प्रकाशाचा डाग त्यांच्या चांगला परिचयाचा होता. त्या रात्री मात्र डागाच्या मध्याजवळ एक ठळक तारा चमकत होता. आधीच्या कोणत्याही नकाशात त्याची नोंद नव्हती.

२/
हा तारा काही महिन्यांत विझला. पण तो नेमका काय होता, या प्रश्नाने पुढची पन्नास वर्षे खगोलशास्त्राला छळले. त्याला चुकीच्या वर्गात बसवल्यामुळे विश्वाचे माप चुकले आणि ते माप दुरुस्त झाल्यावरच त्याचा खरा वर्ग सापडला. आपल्या आकाशगंगेबाहेर माणसाने पाहिलेल्या पहिल्या अतिनवताऱ्याची ही कथा आहे. 🧵

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. देवयानी तारकासमूहातील हा धूसर ठिपका काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. दहाव्या शतकात पर्शियन ज्योतिर्विद अल्-सूफी यांनी ‘लहानसा ढग’ म्हणून त्याची नोंद केली होती. एकोणिसाव्या शतकापर्यंत असे शेकडो ‘ढग’ सूचीबद्ध झाले होते. ते काय आहेत, याविषयी दोन मते होती.

४/
पहिले मत इमॅन्युएल कांट यांच्या १७५५ सालच्या ग्रंथापासून चालत आलेले. हे तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच, पण अतिदूर असलेल्या तारकांच्या वसाहती आहेत. पुढे त्यांना ‘द्वीपविश्वे’ म्हटले गेले. दुसरे मत लाप्लास यांच्या सिद्धांताला धरून होते. तेजोमेघ म्हणजे जवळपासचे, भोवंडणारे वायूचे ढग. ते आकुंचन पावून त्यांतून सूर्य आणि ग्रहमाला जन्म घेतात.

५/
म्हणून देवयानीच्या मध्याजवळ अचानक तारा उजळला, तेव्हा अनेकांच्या मनात आलेला पहिला विचार स्वाभाविक होता: नव्या सूर्याचा जन्म आपण डोळ्यांदेखत पाहत आहोत! लाप्लास यांच्या सिद्धांताचा याहून देखणा पुरावा कोणता असणार? निरीक्षण निर्दोष होते. त्याचा अर्थ लावण्याची चौकट मात्र आधीच ठरलेली होती.

६/
शोधाचे श्रेय कोणाचे, हाही गुंता झाला. पौर्णिमा जवळ आली होती आणि चंद्रप्रकाशात भास झाला असण्याची शक्यता होती. खात्री पटल्याशिवाय तार पाठवू नये, अशी डोर्पाटच्या संचालकांची भूमिका होती. खगोलीय शोधांच्या वार्ता जगभर पोहोचवणारे केंद्र तेव्हा जर्मनीतील कील येथे होते. अधिकृत वार्ता तेथून पसरायला ऑगस्टचा शेवट उजाडला.

७/
वार्ता पसरताच इतरांच्या नोंदी पुढे आल्या. फ्रान्समधील रूआँ येथे लुडोविक गली यांनी १७ ऑगस्टलाच हा तारा पाहिला होता. पण हा दुर्बिणीचा दोष असावा, असे समजून त्यांनी तो सोडून दिला. बेलफास्टच्या आयझॅक वॉर्ड यांनी १९ ऑगस्टला पाहिल्याचे सांगितले. हंगेरीतील किशकार्ताल येथे बॅरोनेस पोदमानित्स्की यांनी आपल्या खासगी वेधशाळेतून २२ ऑगस्टला तो स्वतंत्रपणे शोधला.

८/
गली यांचे उदाहरण इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. त्यांनी तारा पाहिला. तो ओळखला मात्र नाही. शोध लागतो तो ‘हे येथे नव्हते’ याची खात्री पटून त्याची नोंद होते तेव्हा. त्यासाठी काल काय होते, याचा विश्वासार्ह दप्तरखाना हाताशी लागतो. १८८५ साली तो दप्तरखाना म्हणजे निरीक्षकाची स्मृती आणि हाताने काढलेली रेखाचित्रे.

९/
तारा ऐन भरात असताना साधारण सहाव्या प्रतीचा होता, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेवर. त्याचा रंग तांबूस होता. जागा नेमकी केंद्रात नव्हे, तर केंद्रापासून सुमारे १६ कोनीय सेकंद बाजूला. ही बाब ‘मध्यवर्ती सूर्याच्या जन्मा’च्या कल्पनेला अडचणीची होती. शिवाय तो वाढण्याऐवजी झपाट्याने मंदावू लागला. फेब्रुवारी १८८६ मध्ये वॉशिंग्टनच्या २६ इंची दुर्बिणीतून आसाफ हॉल यांनी त्याचे अखेरचे वेध घेतले. मंगळाचे दोन चंद्र शोधणारे हॉल ते हेच.

१०/
ताऱ्याचा वर्णपटही तपासला गेला. ग्रिनिचला माँडर, पॉट्सडॅमला फोगेल, लंडनजवळ हगिन्स अशा नामवंतांनी वर्णपटदर्शकाला डोळा लावला. बहुतेकांना दिसला तो जवळजवळ अखंड रंगांचा पट्टा; कोणाला त्यात काही रुंद, अंधूक उजळ भाग जाणवले. इतक्या अंधूक ताऱ्याचा वर्णपट छायाचित्रात पकडण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे मागे उरली ती शब्दांतली वर्णने आणि काही रेखाटने.

११/
आता वर्गवारीचा प्रश्न. अचानक उजळून मावळणाऱ्या ताऱ्यांना टायको ब्राहे यांच्या काळापासून ‘नोव्हा’, म्हणजे नवतारा, म्हणत. टायकोंनी १५७२ साली शर्मिष्ठेत पाहिलेला तारा, केप्लर यांनी १६०४ साली पाहिलेला तारा आणि नंतरचे अनेक लहानमोठे तारे याच एका नावाखाली होते. देवयानीतला ताराही त्याच कप्प्यात गेला. रूपविकारी ताऱ्यांच्या नामकरणपद्धतीनुसार त्याला ‘एस अँड्रोमेडी’ असे नाव मिळाले.

१२/
कप्पा एक मानला, की त्यातील सर्व ताऱ्यांची खरी तेजस्विता साधारण सारखी मानण्याचा मोह होतो. मग अंतर काढणे सोपे. दोन सारखेच कंदील घ्या. एक झगझगीत दिसतो, दुसरा मिणमिणता. तर दुसरा दूर. किती दूर, हे प्रकाशाच्या प्रमाणावरून काढता येते. कंदील खरोखर सारखेच असतील, तर!

१३/
फ्रँक व्हेरी या अमेरिकी खगोलज्ञांनी १९११ साली नेमके हेच केले. १९०१ साली ययाति तारकासमूहात एक तेजस्वी नवतारा दिसला होता. त्याच्याशी एस अँड्रोमेडीची तुलना करून त्यांनी देवयानीचे अंतर काढले: सुमारे १,६०० प्रकाशवर्षे. आज मान्य असलेले अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. गणित अचूक असूनही उत्तर दीड हजार पटींनी चुकले, कारण दोन कंदील एका जातीचे नव्हते.

१४/
द्वीपविश्वांच्या कल्पनेला या ताऱ्याने मोठा धक्का दिला. युक्तिवाद असा: देवयानी ही आकाशगंगेएवढी, अतिदूर तारकावसाहत असेल, तर तिच्यातला हा एकटा तारा कोट्यवधी सूर्यांइतका प्रकाश फेकत होता असे मानावे लागेल. हे अशक्य, म्हणून देवयानी जवळ आहे. प्रसिद्ध खगोललेखिका ॲग्नेस क्लार्क यांनी तर १८९० साली असे लिहिले, की कोणताही जाणकार विचारवंत आता तेजोमेघांना आकाशगंगेच्या तोलाच्या तारकासंस्था मानणार नाही.

१५/
दरम्यान आणखी एक दुवा सापडला होता. १८९५ साली हार्वर्ड वेधशाळेच्या छायाचित्रित काचांची तपासणी करताना विल्यमिना फ्लेमिंग यांना नरतुरंग समूहातील एका तेजोमेघात असाच नवा तारा आढळला. त्याचा वर्णपट परिचित नवताऱ्यांसारखा नव्हता, हेही त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे ‘ही जात वेगळी असावी’ याची पहिली खूण काचेवर उमटलेली होती. ती वाचण्याची चौकट मात्र अजून तयार झाली नव्हती.

१६/
१९१७ च्या जुलैमध्ये माउंट विल्सनवर जॉर्ज रिची यांना दुसऱ्या एका सर्पिल तेजोमेघात नवा तारा दिसला. त्याबरोबर अमेरिकेतल्या वेधशाळांत जुन्या काचा पुन्हा बाहेर निघाल्या. रिची यांना १९०९ सालच्या काचांवर देवयानीतच दोन अंधूक नवतारे सापडले. लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना इतर सर्पिलांत काही मिळाले. नवे आकाश न पाहता, जुन्या दप्तरांतून लागलेला हा शोध होता.

१७/
या नव्या यादीने चित्र पालटले. देवयानीतले हे साधे नवतारे एस अँड्रोमेडीपेक्षा हजारो पटींनी मंद होते. ते जर आकाशगंगेतील नवताऱ्यांच्या जातीचे असतील, तर देवयानी लाखो प्रकाशवर्षे दूर ठरते. आता निवड करणे भाग होते. एकीकडे अनेक मंद तारे, दुसरीकडे १८८५ चा एकटा तेजस्वी तारा. खरा नवतारा कोणता, आणि अपवाद कोणता?

१८/
२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांची सभा झाली. ती पुढे ‘महाचर्चा’ म्हणून गाजली. शॅप्ली यांच्या मते आकाशगंगा अतिविशाल आणि सर्पिल तेजोमेघ तिच्या आसमंतातच. त्यांच्या बाजूच्या युक्तिवादांत एस अँड्रोमेडीच्या अशक्यप्राय तेजाचा मुद्दा होताच. कर्टिस यांनी मंद नवताऱ्यांवर भिस्त ठेवली. १९२१ साली छापलेल्या आपल्या बाजूत त्यांनी नवताऱ्यांचे दोन तेजोवर्ग असणे अशक्य नाही, असेही नमूद केले.

१९/
स्वीडनचे क्नुट लुंडमार्क यांनीही १९२० च्या प्रबंधात याच दिशेने पाऊल टाकले. साध्या नवताऱ्यांवरून त्यांनी देवयानीचे अंतर लाखो प्रकाशवर्षांत काढले आणि एस अँड्रोमेडीला निराळ्या, अतितेजस्वी वर्गात ठेवले. पण पुराव्याच्या दृष्टीने पाहता पेच कायम होता. दोन वर्ग मानले तर अंतर मोठे येते. अंतर मोठे मानले तरच दोन वर्ग सिद्ध होतात. या वर्तुळातून बाहेर पडायला तिसरा, स्वतंत्र साक्षीदार हवा होता.

२०/
तो साक्षीदार ऑक्टोबर १९२३ मध्ये मिळाला. एडविन हबल माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीत नवतारेच शोधत होते. एका काचेवर त्यांनी तीन ठिपक्यांशेजारी नवताऱ्याची खूण म्हणून इंग्रजी ‘एन’ हे अक्षर लिहिले. जुन्या काचांशी ताडून पाहता त्यांतला एक ठिपका ठरावीक काळाने उजळणारा, मंदावणारा निघाला. हबल यांनी ‘एन’ खोडले आणि तेथे रूपविकारी ताऱ्याची खूण केली, पुढे उद्गारचिन्हासह.

२१/
तो सेफीड जातीचा तारा होता, आवर्तनकाळ सुमारे ३१ दिवस. अशा ताऱ्यांचा आवर्तनकाळ आणि खरे तेज यांचे नाते हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ पर्यंत प्रस्थापित केले होते. त्यावरून अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. १ जानेवारी १९२५ रोजी हे निष्कर्ष वॉशिंग्टनमधील अधिवेशनात वाचले गेले. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका ठरली. (पुढे १९५०च्या दशकात वाल्टर बाडे यांच्या संशोधनामुळे हे अंतर दुपटीहून अधिक वाढले.)

२२/
आता जुना युक्तिवाद उलटा फिरला. ‘इतके तेज अशक्य, म्हणून देवयानी जवळ’ असे पूर्वी म्हणत. आता देवयानी दूर आहे हे ठरले होते. म्हणजे ते अशक्य तेज खरोखर घडले होते. एका ताऱ्याने काही दिवस संपूर्ण दीर्घिकेच्या प्रकाशाच्या लक्षणीय हिश्शाएवढा प्रकाश एकट्याने दिला होता. असा तारा आहे तरी काय? १८८५ चा प्रश्न चाळीस वर्षांनी प्रथमच योग्य शब्दांत विचारला गेला.

२३/
उत्तर सुचवले वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी. डिसेंबर १९३३ मध्ये स्टॅनफर्ड येथील परिषदेत आणि १९३४ च्या शोधनिबंधांत त्यांनी या वर्गासाठी ‘सुपरनोव्हा’ हे नाव रूढ केले. मराठीत आपण त्याला अतिनवतारा म्हणतो. त्यांचे अनुमान धाडसी होते: साधा तारा कोसळून केवळ न्यूट्रॉनांनी भरलेला, अत्यंत घट्ट तारा बनतो, आणि त्या संक्रमणात ही प्रचंड ऊर्जा सुटते. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

२४/
वर्ग मांडला, पण त्यातील नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. झ्विकींनी १९३४ मध्ये कॅलटेकच्या एका इमारतीच्या छतावर छोटा कॅमेरा बसवून कन्या दीर्घिकासमूहावर पाळत ठेवली. हाती काहीच लागले नाही. १९३६ मध्ये पालोमार पर्वतावर विस्तृत आकाश टिपणारी १८ इंची श्मिट दुर्बीण आली आणि १९३७ पासून अतिनवतारे सापडू लागले. झ्विकींच्या नावावर पुढे शंभराहून अधिक शोध जमा झाले.

२५/
ऑगस्ट १९३७ मध्ये त्यांना एका छोट्या, जवळच्या दीर्घिकेत असाच तारा मिळाला. तो आठव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे आपल्या दीर्घिकेहून कितीतरी अधिक उजळ होता. बाडे यांनी त्याच्या तेजाचा आलेख काढला, तर रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी अनेक महिने त्याचे वर्णपट टिपले. एस अँड्रोमेडीच्या वेळी जे हुकले, ते आता काचेवर उतरत होते: स्फोटाचा दिवसागणिक लिहिलेला जमाखर्च.

२६/
१९४१ साली मिन्कोव्स्की यांनी १४ अतिनवताऱ्यांचे वर्णपट शेजारी मांडले. नऊ एकमेकांसारखे; त्यांत हायड्रोजनच्या रेषा नाहीत. त्यांना त्यांनी ‘प्रकार १’ म्हटले. उरलेल्या पाचांत हायड्रोजन स्पष्ट. ते ‘प्रकार २’. मिन्कोव्स्की यांनी ही विभागणी तात्पुरती मानली होती. आज ८० वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी अतिनवताऱ्याचे वर्गीकरण करताना पहिला प्रश्न तोच असतो: हायड्रोजन आहे की नाही?

२७/
ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ताऱ्याचा प्रकाश त्याच्या घटक रंगांत विभागला, की प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीवर आपली खूण सोडते. अतिनवताऱ्यात द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने उसळत असते, म्हणून बारीक रेषांऐवजी रुंद उंचवटे आणि खोलगट पट्टे दिसतात. १८८५ च्या निरीक्षकांना जाणवलेले ‘रुंद, अंधूक उजळ भाग’ ते हेच. दिसले ते बरोबरच होते. त्यांची लिपी अजून कोणाला येत नव्हती.

२८/
१९८०च्या दशकात प्रकार १ चे पोटविभाग झाले. सिलिकॉनचा ठळक पट्टा असेल तर ‘१ए’. तो नसून हेलियम असेल तर ‘१बी’. दोन्ही नसतील तर ‘१सी’. यात एक गंमत आहे. प्रकार २, १बी आणि १सी हे तिन्ही जड ताऱ्यांचा गाभा कोसळून होणारे स्फोट; १बी, १सीमध्ये ताऱ्याने आपले बाहेरचे हायड्रोजनचे वेष्टन आधीच गमावलेले असते. १ए मात्र सर्वस्वी निराळा. कप्पे रूपावरून पडले होते, कारण नंतर कळले आणि भावंडे दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेली निघाली.

२९/
१ए ची कथा मुंबईलाही स्पर्शून जाते. ३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाले. त्या सागरी प्रवासात त्यांनी श्वेत बटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला वरची मर्यादा असते, असे गणिताने दाखवले. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. १९६० साली हॉईल आणि फाउलर यांनी अशा अतिघट्ट द्रव्यात आण्विक ज्वलन भडकून तारा फुटू शकतो, हे मांडले. १ए म्हणजे जोडताऱ्यातील श्वेत बटूचा असा स्फोट. तो नेमका कसा पेट घेतो, यावर अजूनही संशोधन चालू आहे.

३०/
मग एस अँड्रोमेडीचे काय? स्फोटाच्या शताब्दीला, १९८५ साली, जेरार द व्होकुलर आणि हॅरल्ड कॉर्विन यांनी जुन्या सर्व नोंदी गोळा करून त्याचा तेजोआलेख नव्याने मांडला. तो प्रकार १ चा, पण विक्षिप्त निघाला: नेहमीपेक्षा झपाट्याने मावळणारा आणि तांबूस. शंभर वर्षांपूर्वी डोळ्याने केलेले अंदाज, हौशी निरीक्षकांची टिपणे, वर्णपटांची शाब्दिक वर्णने हीच या खटल्यातील कागदपत्रे होती.

३१/
कागदांनंतर अवशेषही सापडला. रॉबर्ट फेसन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, १८८५ च्या जागी देवयानीच्या लखलखत्या मध्यभागावर एक चिमुकला काळा डाग दिसला. स्फोटातून पसरलेले थंड लोह मागच्या असंख्य ताऱ्यांचा विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषत होते. १ए स्फोटात किरणोत्सारी निकेल तयार होते, त्याचे कोबाल्ट आणि कोबाल्टचे शेवटी लोह बनते. ज्याने सर्वांचे डोळे दिपवले होते, तो शेवटी सापडला सावलीच्या रूपाने.

३२/
आज हे काम किती बदलले आहे? १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सुमारे २ कोटी प्रकाशवर्षांवरील एम १०१ या दीर्घिकेत नवा तारा दिसला. काही तासांतच कॅनरी बेटांवरील लिव्हरपूल दुर्बिणीने वर्णपट घेऊन तो प्रकार २ चा असल्याचे जाहीर केले. लडाखमधील हान्ले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीने आणि भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानेही त्याचे वेध घेतले.

३३/
गली यांना आपल्या दुर्बिणीवर संशय आला होता. इतागाकींच्या नोंदीची पडताळणी त्याच रात्री झाली. फरक केवळ यंत्रांचा नाही. मधल्या काळात जगाने तीन गोष्टी जमवल्या: आकाशाची रोजची नोंद, ती ताबडतोब वाटून घेण्याची व्यवस्था आणि दिसलेल्या गोष्टीला बसवायला योग्य कप्पे. यांतील तिसरी जमवायला सर्वांत जास्त वेळ लागला.

३४/
या इतिहासात शॅप्ली किंवा ॲग्नेस क्लार्क यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्ञात तेजाच्या हजारो पट तेज मानण्यास नकार देणे, हा त्यांच्या काळातील पुराव्यांशी प्रामाणिक असा संयम होता. चूक तर्कात नव्हतीच. ती एका शब्दात दडली होती. ‘नोव्हा’ या एका नावाखाली दोन निराळ्या घटना राहत होत्या आणि नाव एक असल्यामुळे त्या एकच आहेत, असे सर्वांनी गृहीत धरले.

३५/
१८८५ नंतर आजपर्यंत देवयानी दीर्घिकेत दुसरा अतिनवतारा दिसलेला नाही. साधे नवतारे तेथे दरवर्षी सापडतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या काळोखात शर्मिष्ठेच्या आधाराने देवयानीचा तो धूसर ठिपका सहज शोधता येतो. तो प्रकाश तेथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपली मानवजात अवतरलीही नव्हती. कदाचित पुढच्या अतिनवताऱ्याचा प्रकाशही केव्हाच निघाला असेल आणि वाटेत असेल.

(समाप्त)